फुपीची गाठ आणि दोन चुंबक

आमच्या घरात नालाच्या आकाराचे दोन चुंबक होते. एक काम करायचा, दुसरा करत नसे. खंडाळ्याच्या एका बंगलेवाल्याने मोटारगाडी मोडीत काढली तेव्हा ते तिच्या मॅग्नेटोतून, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रातून निघाले आणि अब्बांनी भंगारवाल्याकडून घेतले. आकार, वजन, रंग, वरचा गंज, सगळं सारखं होतं. हातात धरून ओळखता येत नसे; टाचणी जवळ नेली तरच फरक कळे. या प्रकरणात सांगायचं आहे ते या दोन चुंबकांविषयी आणि माझ्या फुपीच्या मानेवरच्या एका गाठीविषयी. फुपी म्हणजे अब्बांची थोरली बहीण.

अब्बा घड्याळं दुरुस्त करत. लोणावळ्याच्या बाजारात, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर पुढे दुकान आणि मागे घर अशी आमची जागा होती. घरात मराठीच बोलली जायची. नमाजाचे शब्द तेवढे अरबी, आणि अम्मा रागावली की दखनीत जायची. दुकानात भिंतीवर गिऱ्हाइकांची घड्याळं लावलेली असत. प्रत्येकाचा ठोका वेगळा, त्यामुळे एक वाजल्याचं आम्हांला पाचसहा वेळा कळायचं. पाहुण्यांना त्या आवाजात झोप लागत नसे, आणि आम्हांला पाहुण्यांच्या गावी त्याच्याशिवाय लागत नसे. पावसाळ्यात लोणावळ्याची हवा ओल्या फडक्यासारखी असते. त्या दिवसांत अब्बा उघडलेली घड्याळं कोळशाच्या डब्यात ठेवत, म्हणजे गंज धरत नसे. दुकानाला त्यामुळे कोळसा, रॉकेल आणि तेल यांचा एक मिसळलेला वास होता. तो मला पुढे जगातल्या बऱ्याच प्रयोगशाळांमध्ये भेटला.

घाटात विजेची इंजिनं सुरू झाली तेव्हापासून अब्बांकडे एक नवं काम येऊ लागलं. इंजिनावरच्या माणसांची खिशातली घड्याळं पुढे पळू लागली. घड्याळात केसाइतकी बारीक कमान असते, तिला बालकमानी म्हणतात. मोटरजवळ वावरून तिच्यात चुंबकपण शिरलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ घाई करतं. अब्बांचा उपाय असा: घड्याळ दोऱ्याला टांगायचं, दोऱ्याला पीळ द्यायचा, आणि ते गरगर फिरत असताना चुंबक जवळ आणून हळूहळू लांब न्यायचा. हात थांबला किंवा घाई झाली तर घड्याळ पहिल्यापेक्षा बिघडे. अब्बांचा हात थांबत नसे. चुंबक दुकानात ठेवणं धोक्याचं, म्हणून तो मागे स्वयंपाकघराच्या कोनाड्यात असायचा आणि कामापुरता पुढे जायचा. तो आणून देणं आणि परत ठेवणं हे माझं काम होतं.

स्वयंपाकघर फुपीचं होतं. ती तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे आली होती आणि गुडदाणी करून विकत होती. गुडदाणी म्हणजे गूळ, शेंगदाणे आणि थोडं तूप. तिला आता सगळे चिक्की म्हणतात आणि तिची दुकानं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी आहेत. तेव्हा ती रेल्वेच्या कामगारांचं खाणं होतं. पहाटे फुपी पाक करायची. थेंब पाण्यात टाकायची, दाताखाली धरायची आणि कट्ट आवाज आला की कढई उतरवायची. मग तेल लावलेल्या फरशीवर लाटण्याने लाटायची. त्या लाटण्याचा दणदण आवाज म्हणजे शेजाऱ्यांचं गजराचं घड्याळ होतं, आणि घड्याळजीच्या घरात ते फुकट मिळतं अशी अब्बांची थट्टा होती. दिवस उजाडला की स्टेशनच्या फाटकाजवळ दोन पराती मांडून ती बसायची. एक परात पितळी, एक पत्र्याची. माल एकाच कढईतला.

कार्ल्याचे धोंडीआबा तिला चुलीसाठी लाकडं आणून देत आणि जाताना गुडदाणी नेत. ते नेहमी पितळी परातीकडे बोट दाखवायचे.

"ह्यातली दे, फुपी. ती पत्र्यातली न्हाई तेवडी ग्वाड."

"आबा, आज पत्र्यातली घेऊन बघा. जास्त गूळ घातलाय."

"व्हय, आन् मला येडा समज. तोंडाला कळतं मला. ही लय ग्वाड हाय."

फुपी मान हलवून पितळीतली द्यायची. ते गेले की पत्र्याच्या परातीतल्या वड्या पितळीत ओतायची आणि मला म्हणायची, "बघ, आता ह्या पण गोड झाल्या." तिला या गोष्टीची मोठी गंमत वाटे. गिऱ्हाइक खोटं बोलत नाही, त्याला खरंच गोड लागते, असं ती म्हणायची. जीभ परात बघून चव घेते, हा तिचा सिद्धान्त होता. मी पुढे जे शास्त्र शिकलो त्यात याला नाव आहे. फुपीला नावाची गरज पडली नव्हती.

दुसरा चुंबक निकामी झाला तोही तिच्याच हातून. चुलीचा एक दगड फुटला होता आणि कढई कलत होती. फुपीने कोनाड्यातल्या दोनपैकी एक नाल उचलला आणि निखाऱ्यात आडवा घालून त्यावर कढई टेकवली. पाक होईपर्यंत तो लालभडक झाला. संध्याकाळी अब्बांनी त्याला टाचणी लावली तर टाचणी खाली पडली. "आपा, तू याचा जीव घेतलास," अब्बा म्हणाले. "लोखंडाला कसला जीव? आणि दुसरा आहे की," फुपी म्हणाली. अब्बांनी तो मोडीच्या डब्यात टाकला. मी टाचण्यांचा डबा घेऊन बराच वेळ बसलो होतो. लोखंड तेच, वजन तेच, मग गेलं ते काय, हे मला कळत नव्हतं. पुढे फेराइट नावाचे, मडक्यांसारखे भट्टीत भाजून करायचे चुंबक हा माझा विषय झाला, आणि किती तापल्यावर ते चुंबकपण टाकतात हा माझा पहिला प्रबंध. परीक्षकांनी विषय कसा सुचला असं विचारलं तेव्हा मी संदर्भग्रंथांची नावं सांगितली.

गाठ प्रथम अम्माने पाहिली. फुपीच्या डाव्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर, बोरीच्या बोराएवढी. दुखत नव्हती. फुपीने ती ओढणीखाली घेतली आणि कामाला लागली. थंडी संपेपर्यंत ती सुपारीएवढी झाली. बाजारातल्या डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि मुंबईला मोठ्या दवाखान्यात न्या, उशीर करू नका, असं सांगितलं. अब्बांनी ऐकून घेतलं आणि दुकान उघडलं. आमची दादी काही वर्षांपूर्वी दवाखान्यात गेली होती. आठवड्याभरात परत येईल म्हणून तिची गोधडी धुऊन वाळत घातली होती. ती परत आली नाही. त्या दिवसापासून अब्बांच्या तोंडून दवाखाना हा शब्द निघत नसे. "तिकडे" असं म्हणत. आता फुपीला "तिकडे" न्यायचं की नाही, एवढाच प्रश्न घरात होता आणि त्याच्याविषयी कुणी बोलत नव्हतं.

उपाय आला तो एका थट्टेतून. मोरे नावाचे इंजिन ड्रायव्हर आमचे कायमचे गिऱ्हाइक होते. त्यांचं घड्याळ दोऱ्याला फिरत होतं, अब्बा चुंबक लांब नेत होते आणि दारातून फुपी रिकाम्या पराती घेऊन आत येत होती. मोरे म्हणाले, "उस्ताद, घड्याळातली पीडा ओढून काढता, तशी बहिणीच्या मानेतली का नाही काढत?"

"काढेल की," फुपी म्हणाली. "पण आधी मला दोऱ्याला टांगावं लागेल."

सगळे हसले. अब्बाही हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी फजरच्या नमाजानंतर ते चुंबक घेऊन फुपीसमोर बसले.

माझे वडील अडाणी नव्हते. मराठी आणि उर्दू वाचत, थोडी इंग्रजीही. घड्याळांची इंग्रजी माहितीपत्रकं बोट ठेवून समजून घेत. त्यांची चूक अज्ञानातून झाली नाही, अनुभवातून झाली. चुंबकामुळे बिघडलेलं यंत्र चुंबकानेच सुधारतं हे त्यांनी शेकडो वेळा डोळ्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसाला हे सुचलं नसतं. त्यांनी चुंबक फलालीनच्या कापडात गुंडाळला, थंड लागू नये म्हणून. तो गाठीजवळ नेला, मनगटातून सावकाश फिरवला आणि तसाच फिरवत हात लांब जाईपर्यंत मागे आणला. पुन्हा जवळ नेला. हात कुठेही थांबला नाही. फुपी डोळे मिटून पाटावर बसली होती. संपल्यावर अब्बांनी विचारलं, "काही वाटलं?"

"ओढल्यासारखं वाटलं," फुपी म्हणाली. "आणि ऊब आली."

त्यानंतर रोज सकाळी हे चालू झालं. फरशीवरची गुडदाणी लाटून व्हायची, अम्मा चहा ठेवायची, कुठल्यातरी मालगाडीला मागून लावलेलं इंजिन घाटाच्या तोंडाशी शिटी द्यायचं, आणि अब्बा चुंबक फिरवत असायचे. भाऊबहीण त्या वेळी बोलायचे. एरवी दुकान आणि पराती यांत त्यांना वेळ नसे. लहानपणी इंद्रायणीत म्हशी नेल्याचं, तळेगावच्या मामाच्या तापटपणाचं, दादीच्या हातच्या बोंबलाच्या चटणीचं. मी त्या दोघांना इतकं बोलताना पूर्वी पाहिलं नव्हतं. फुपीला झोप लागू लागली. ती म्हणाली, गाठ मऊ झाली आहे. अब्बांनी बाजारातल्या डॉक्टरांच्या दारावरून जाणं सोडून दिलं, वळसा घालून जाऊ लागले.

शिक्षणाच्या मधल्या काळात मी पुण्यातल्या एका दैनिकाच्या कचेरीत तारांची भाषांतरं करायचो. तिथल्या मुख्य उपसंपादकांनी मला एक नियम शिकवला: काय घडलं ते आधी लिहा, तुम्हाला काय वाटलं ते कोणी विचारलं तर. म्हणून इथे एवढंच नोंदवतो की गाठ वाढत होती. ओढणीचा पदर तिच्यावरून सरकायला लागला होता. अम्माला दिसत होतं, मला दिसत होतं. अब्बा रोज तिच्यासमोर बसत होते आणि त्यांना दिसत नव्हतं.

फुपीने मला एका दुपारी चुलीजवळ बोलावलं. कढईला चिकटलेला पाक ती उलथण्याने खरवडत होती.

"तो चुलीतला चुंबक आहे अजून?"

"मोडीच्या डब्यात आहे."

"तो आण. आणि अब्बाला सांगू नकोस." मग खरवडणं न थांबवता म्हणाली, "मला ना, धोंडीआबासारखं झाल्यासारखं वाटतंय. ओढल्यासारखं वाटतं हे खरं. पण चुंबकाने ओढल्यासारखं वाटतं की परात बघून, ते मला कळेना."

मला कळलं नाही. तिने समजावलं. दोन्ही नाल एकसारख्या फलालीनच्या कापडात गुंडाळायचे. रोज सकाळी त्यांतला एक अब्बांच्या हातात द्यायचा. ती सांगेल, आज ओढलं की नाही. कोणता दिला ते तिला कळता कामा नये.

"मी सांगणार नाही," मी म्हणालो.

"तू सांगायला कशाला हवं? तुझं तोंड आहे ना, सगळी बातमी त्यावर छापलेली असते. तुलाही कळता कामा नये."

यातून वाट काढली ती अम्माने, तीही कुरकुरत. मी दोन्ही नाल गुंडाळून दोन सारख्या मडक्यांत ठेवायचे, कोनाड्याच्या दोन टोकांना. मग मी बाहेर जायचं. अम्मा झाडू मारताना मनात आलं तर मडक्यांची अदलाबदल करायची, नाही आलं तर नाही. तिला आतला माल ठाऊक नसे. मी परत येऊन उजव्या हाताच्या मडक्यातला उचलायचा. अब्बांचं झाल्यावर बाहेर नेऊन टाचणी लावून बघायचं. "दोघंही खुळे झालात," अम्मा दखनीत म्हणाली, आणि एकदाही चुकली नाही. अब्बांना काही कळण्याचा प्रश्न नव्हता; चुंबक मीच आणून देत असे आणि त्यांचं लक्ष गाठीकडे असे.

निकाल ठेवायला फुपीने दोन वाट्या दिल्या, एक जिवंत चुंबकाची आणि एक मेलेल्याची. ओढलं असं ती म्हणाली तर त्या दिवशीच्या चुंबकाच्या वाटीत शेंगदाणा, नाही म्हणाली तर खडा. वाट्या मी शिंक्यावर झाकून ठेवत असे. रोज संध्याकाळी ती वर बघायची पण विचारायची नाही. गाठीच्या बाजूने तिला चावायला त्रास होऊ लागला होता. भाकरी दुधात कुस्करून खायची आणि म्हातारी झाले म्हणून सांगायची.

ती म्हणाली, "आता आण," तेव्हा मी दोन्ही वाट्या तिच्यासमोर उघडल्या. जिवंत चुंबकाच्या वाटीत शेंगदाणे होते आणि थोडे खडे. मेलेल्याच्या वाटीतही शेंगदाणे होते आणि थोडे खडे. तिने बोटाने ते बाजूला करून पाहिले. कोणती वाटी कुणाची हे मी सांगितल्याशिवाय ओळखता आलं नसतं. मग तिने दोन्ही वाट्यांतले शेंगदाणे एकत्र केले, अर्धे मला दिले आणि उरलेले उजव्या बाजूने चावत खाल्ले.

माझ्या नावावर बरेच शोधनिबंध आहेत. त्यांतल्या कुठल्याही प्रयोगात प्रयोग करणाऱ्याने स्वतःला इतक्या महाग पडणाऱ्या उत्तराची परीक्षा घेतलेली नाही. उत्तर काय येणार याचा अंदाज तिला होता. अंदाज खरा ठरला तर "तिकडे" जावं लागणार होतं, हेही ठाऊक होतं. तरी तिने तो प्रयोग पुरा केला. मी तिचा ऋणी आहे तो मुख्यतः यासाठी.

अब्बांना तिने दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. त्यांनी चुंबक हातात घेतला होता.

"भाई, हा कोणता आहे सांग."

"कोणता म्हणजे? माझा."

"सोड कापड."

अब्बांनी कापड सोडलं. अम्माने डोक्यातली लोखंडी आकडी काढून पुढे केली. आकडी नालाला लागली आणि खाली पडली. अब्बांनी ती उचलून पुन्हा लावली. पुन्हा पडली. फुपीने वाट्यांची सगळी हकिगत सांगितली, कुणाचं काय काम होतं आणि आज मेलेला मुद्दाम आणवला होता तेही, काही न लपवता. मला वाटलं होतं अब्बा ओरडतील. ते नालाकडे बघत होते.

"मग एवढे दिवस मी काय करत होतो?" ते म्हणाले.

"माझ्याजवळ बसत होतास," फुपी म्हणाली. "झोप मला त्यानेच लागत होती. पण त्याने गाठ जात नाही, भाई."

अब्बा उठले, पुढे गेले आणि दुकानाच्या फळ्या, ज्या त्यांनी नुकत्याच काढल्या होत्या, एकेक करून परत लावल्या. ईद सोडून कामाच्या दिवशी त्या फळ्या लागलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. मग त्यांनी अम्माला विचारलं, मुंबईची गाडी किती वाजता आहे. घड्याळजीने वेळ विचारली, यावरून फुपीने जाताजाताही त्यांची थट्टा केली.

मुंबईच्या दवाखान्यातल्या शल्यवैद्याचं नाव मी देत नाही. ते मराठी होते, तरुण होते आणि तुटक बोलत. त्यांनी गाठ तपासली. गाठ वाईट आहे, काढावी लागेल, असं म्हणाले. तोंड हलवणारी शीर तिच्यातूनच जाते. ती वाचवायचा प्रयत्न करू, पण कापावी लागली तर चेहऱ्याची डावी बाजू हलणार नाही. डोळा नीट मिटणार नाही, हसता येणार नाही.

"अर्ध्या तोंडाने तर येईल?" फुपीने विचारलं.

"अर्ध्या तोंडाने येईल."

"मग काढा. मी गुडदाणी विकते, डॉक्टर. हसू फुकटच देत होते."

शीर कापावी लागली. फुपी वाचली आणि त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. गाठ परत आली नाही. फाटकाजवळच्या पराती तिने पुन्हा मांडल्या, मी कॉलेजात गेलो तेव्हा पुण्याला येऊन माझी खोली झाडून गेली, आणि गेली ती म्हातारपणी, एका हिवतापाने. डावा डोळा पुसायला एक रुमाल तिच्या कमरेला कायम असे. हे सगळं तिला मिळालं याबद्दल मी त्या तुटक बोलणाऱ्या डॉक्टरांचा, मोऱ्यांचा, ज्यांनी येताजाताना आम्हांला गाडीत जागा धरून दिली, आणि एका झाडूचा आभारी आहे.

टाके काढायला आम्ही पुन्हा मुंबईला गेलो तेव्हा डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शक दाखवला. काचेवर फुपीच्या गाठीचा पापुद्रा होता, जांभळा रंगवलेला. मला ठिपक्यांची गर्दी दिसली. इतकी गर्दी जगते कशावर, असं मी विचारलं.

"साखरेवर," डॉक्टर म्हणाले. "आपण सगळेच साखरेवर जगतो. पण या पेशी फार खातात, आणि अर्धवट खातात. हवा असून नसल्यासारखं, आंबवल्यासारखं. का, ते नीट कुणाला माहीत नाही."

फुपी बाकावर बसून ऐकत होती. पट्टीमुळे तिचे शब्द एका बाजूने येत होते.

"फार गोड खातात? मग गिऱ्हाइकच की माझे," ती म्हणाली.

डॉक्टर हसले, त्या दवाखान्यात बहुधा पहिल्यांदाच. चुंबकांत अर्धं आयुष्य काढल्यावर मी कर्करोगाच्या पेशींकडे वळलो तेव्हा सहकाऱ्यांना तो लहरीपणा वाटला. कारण साधं होतं. चुंबकीय क्षेत्रात ठेवून फेराइटच्या खड्यांच्या आतलं मोजायची जी रीत आमच्या हाती होती, तीच जिवंत पेशीतल्या साखरेचं काय होतं ते मोजायला वापरता येत होती. त्या "का"चं थोडं उत्तर आता मिळालं आहे, बरंच बाकी आहे. गूळ खाल्ल्याने गाठ होते असा त्याचा अर्थ नाही. प्रत्येक व्याख्यानानंतर हा प्रश्न येतो आणि प्रत्येक वेळी मी हेच सांगतो.

निघताना अब्बा दारात थांबले. त्यांनी त्या दिवशी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. चुंबक, किती दिवस, कसा फिरवला, सगळं त्यांनी डॉक्टरांना आपण होऊन सांगितलं. मग विचारलं, "आधी आणली असती तर तोंड वाचलं असतं?"

"कदाचित," डॉक्टर म्हणाले.

गाडीत आम्हांला खिडकी मिळाली होती. कल्याण गेलं, नेरळ गेलं, अब्बा बाहेर बघत होते. कर्जतला मागून इंजिन लागलं, धक्का बसला आणि घाट सुरू झाला. फुपीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"भाई, ते डॉक्टरांचं 'कदाचित' इकडे दे."

अब्बांनी तिच्याकडे पाहिलं.

"तोंड माझं आहे," ती म्हणाली. "तू ते ठेवून काय करणार?"

बोगदा आला, डब्यात अंधार झाला आणि परत उजेड आला. अब्बांनी आसनाखालून डबा ओढला आणि झाकण काढलं. अम्माने भाकरी आणि दूध दिलं होतं. त्यांनी एक तुकडा दुधात भिजवला, मऊ झाला की नाही ते बोटांनी दाबून पाहिलं आणि फुपीच्या उजव्या गालाच्या बाजूने तिच्या तोंडात दिला. तिने तो खाल्ला. मग दुसरा तुकडा त्यांनी स्वतः घेतला.